पा, बा, मा

“ओठ मिटा, काकासाहेब. घट्ट मिटा. आता सोडा. पा.”

काकासाहेबांनी ओठ मिटले. डावी बाजू मिटली, उजवी उघडीच राहिली आणि तिथून लाळ हनुवटीवर आली. मी फडक्यानं पुसली.

“आ…”

“आ न्हवं. आ तर तान्ह्या पोरालाबी येतोय. पा. ओठावर ओठ आपटायचा.”

“आ…”

दारात त्यांचा मुलगा रणधीरदादा उभा होता. बाहेर निघाला होता, हातात गाडीची किल्ली. हसून म्हणाला, “काय मावशी, भरली का शाळा?”

“भरली की. एकच पोरगं हाय, पण पळून तरी जात न्हाई.”

तो मोठ्यानं हसला. काकासाहेब हसले नाहीत. त्यांनी डोळे मिटून घेतले आणि मुलाची गाडी फाटकाबाहेर जाईपर्यंत उघडले नाहीत.

काकासाहेब इंगवले म्हणजे आमच्या गावाचा आवाज होता. माळावर पत्र्याच्या शेडमध्ये त्यांनी शाळा काढली, तिचं पुढं कॉलेज झालं. पंधरा ऑगस्टला ते बोलायला उभे राहिले की माईकवाला भोंगा जरा बाजूला वळवून ठेवायचा. श्रावणात त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात-पाय गेला आणि वाचा गेली. समजत सगळं होतं. बाहेर फक्त ‘आ’ यायचा.

आजारी माणसांसाठी बायका पुरवणारा ब्युरो होता, त्यात मी काम करायची. सकाळी आठ ते रात्री आठ. अंग पुसायचं, कूस बदलायची, भरवायचं, भांडं द्यायचं. नियम एकच. बदलीची बाई दारात दिसल्याशिवाय पेशंट सोडायचा नाही, मग आपल्या घराला आग का लागेना. ह्या कामात आपलं नाव ब्युरोतच राहतं. घरात पाय टाकला की मावशी. माझं नाव हौसाबाई लोखंडे, पण इंगवल्यांच्या बंगल्यात ते कुणाला ठाऊक असेल असं वाटत नाही.

ही ड्यूटी मला लागली नव्हती, मी मागून घेतली होती. माझी मुलगी अलका काकासाहेबांच्या कॉलेजात मराठी शिकवायची, म्हणून.

शिकवायची, पण तासिका तत्त्वावर. म्हणजे वर्गात उभी राहील तेवढ्याच तासाचे पैसे. पेपर तपासायचे, सूत्रसंचालन करायचं, प्राचार्यांची भाषणं लिहून द्यायची, ते सगळं फुकट. दिवाळीची सुट्टी, परीक्षा, उन्हाळा, तेव्हा काहीच नाही. जूनमध्ये पुन्हा नव्यानं अर्ज, पुन्हा मुलाखत, जणू काही कालपर्यंत ही तिथं नव्हतीच. कागदावर तिचा तास माझ्या तासापेक्षा कितीतरी मोठा होता. पण माझे तास रोज असायचे. वर्षाकाठी घर चालायचं ते माझ्या तासांवर.

एखादा मोठा माणूस वारला की कॉलेजला सुट्टी, आणि अलकाचे तास गेले. माझा पेशंट वारला की माझी ड्यूटी संपली, दुसरी मिळेपर्यंत घरी. एकदा जेवताना तीच म्हणाली, “आई, लोकांच्या मरणानं आपल्या दोघींइतकं दुःख कुणाला होत नसेल बघ.” खूप हसलो आम्ही. मग ती उठून ताट धुवायला गेली.

तिचे वडील ती लहान असतानाच गेले होते. तिला स्थळं यायची. बघायला आलेली माणसं पोहे खायची आणि विचारायची, “कायम आहे का?” नाही म्हटलं की पुढं निरोप यायचा नाही. ती तिशीच्या पुढं गेली तशी स्थळंही थांबली.

आणि मग त्या वर्षीच्या गॅदरिंगला काकासाहेबांनी स्टेजवर तिच्या डोक्यावर हात ठेवला. मंडपात मीही होते. ते म्हणाले, “ही पोरगी आपल्या कॉलेजची लक्ष्मी न्हाई, सरस्वती हाय. मराठीची एक जागा मंजूर होतीय. येत्या जूनला हिची ऑर्डर मी माझ्या हातानं देणार.” टाळ्या पडल्या. पुढच्या रांगेतल्या बायका वळून माझ्याकडं बघायला लागल्या. मी पदर सारखा केला.

पण जूनमध्ये ऑर्डर निघाली नाही. मंजुरीचा कागद मुंबईत अडकलाय म्हणाले. श्रावणात काकासाहेब अंथरुणाला खिळले आणि संस्था रणधीरदादाच्या हातात आली. अलका त्याला भेटायला गेली. तो गोड बोलला. “बाबांनी शब्द दिला असेल तर मॅडम, माझी ना नाही. बाबांनी मला तसं सांगू दे, मी त्याच दिवशी सही करतो.”

घरी येऊन तिनं हे सांगितलं आणि म्हणाली, “संपलं. ते काय आता बोलायचे?”

दुसऱ्या दिवशी मी ब्युरोत गेले आणि इंगवल्यांची ड्यूटी मागितली. ब्युरोच्या बाई म्हणाल्या, “तिथं कुणी टिकत नाही हौसाबाई. म्हातारा चावतो.”

“चावू दे. दात तर हायेत म्हणायचं.”

तो चावायचा खरंच. पहिल्या आठवड्यात माझ्या मनगटाला चावला. नंतर नाही.

मिरजेहून बोलायला शिकवणारी एक मॅडम यायची, केतकी नावाची. नुकतं लग्न झालेली, एसटीनं यायची. ती आरसा समोर धरायची आणि म्हणायची, “पा, बा, मा. आधी ओठांचे आवाज. ते डोळ्यांना दिसतात ना.” मी बाजूला उभी राहून बघायची. ती गेल्यावर आम्ही दोघं दिवसभर तेच करायचो. दिवाळीनंतर रणधीरदादानं तिला बंद केलं. माझ्यासमोरच म्हणाला, “मावशीला जमतंय की. मग तासाला एवढे कशाला मोजायचे?”

केतकी मॅडम आरसा पिशवीत घालत होती. तो तिनं परत काढून माझ्या हातात दिला. “सोडू नका, मावशी. बोलतील ते.” मग फाटकापाशी थांबून म्हणाली, “माझंही तासावरच आहे हो सगळीकडं.”

माझे पैसे काही वाढले नाहीत. मला ते सुचलंही नाही. मला त्यांचं तोंड उघडून हवं होतं.

अक्षरं मी स्वतः पन्नाशीला टेकल्यावर शिकले. ब्युरोत अंगठा उठवताना नव्या पोरी हसायच्या, म्हणून अलकानं मला घरी बसवलं. ताटात पीठ पसरायची, माझं बोट धरून गिरवून घ्यायची. चुकलं की ताट हलवायचं, पीठ पुन्हा कोरं. पाटी पुसायला लागते, त्यात चूक दिसत राहते, पिठात राहत नाही, असं ती म्हणायची. पिकल्या माणसाला अक्षर येईना झालं की पहिल्यांदा लाज येते, आणि लाज आली की जीभ आणखीच जड होते. म्हणून काकासाहेबांचं चुकलं की मी ताट हलवल्यासारखी मान हलवायची. “ऱ्हाऊ दे. पुन्हा कोरं.”

रविवारी अलका यायची. त्यांना पेपर वाचून दाखवायची. ती आली की काकासाहेबांचा चेहरा बदलायचा. डोळे भरून यायचे, डाव्या हातानं ते माझं मनगट धरायचे, इतकं घट्ट की बांगडी रुतायची, आणि छातीतून ‘आ, आ’ असा आवाज यायचा. काहीतरी बाहेर यायला धडपडायचं.

“बघ,” मी अलकाला म्हणायची, “हाय त्यांच्या ध्यानात. दिलेला शब्द अडकलाय घशात. तोच काढायचाय.”

अलका पेपरची घडी घालायची. “हो आई.”

पौषात ‘पा’ आला. ध्यानीमनी नसताना आला. मी खिडकी पुसत होते आणि मागून आवाज आला, “पा.” मी वळले. त्यांनाच खरं वाटेना. “पा,” ते पुन्हा म्हणाले आणि लहान मुलासारखे रडायला लागले. सून, पद्मजावहिनी, धावत आल्या, देवापुढं साखर ठेवली, चिमूटभर माझ्या हातावरही ठेवली. ‘पा’चं ‘पाणी’ झालं. मग ‘बा’. ‘मा’ला फार दिवस लागले. उजवा ओठ मिटायचाच नाही. मी बोटानं धरून मिटवायची आणि म्हणायची, “नाकातून, काकासाहेब, नाकातून. मा.” तो आल्यावर बाकीची अक्षरं एकामागून एक आली, तुटकी, ओली, पण आली. फाल्गुनात ते एकेक शब्द बोलायला लागले. पाणी. उशी. नको. बास.

मुलगा खोलीत आला की मात्र गप्प. रणधीरदादा म्हणायचा, “बोला की बाबा, मावशी म्हणते तुम्ही बोलता.” ते भिंतीकडं बघायचे.

“लाजतात,” मी म्हणायची. मला तसंच वाटायचं.

त्या दिवसांत मी पहाटे उठून भाकऱ्या थापायची, डबा भरायची आणि चालत बंगल्यावर जायची. पाय दुखायचे राहिले होते.

पाडव्याच्या आधी काकासाहेब मला म्हणाले, “अ… लका.”

मी हातातलं भांडं खाली ठेवलं. “काय म्हणालात?”

“अलका. बो… लायचं.”

“बोलायचंय? अलकाशी?”

त्यांनी मान हलवली.

पाडव्यानंतरच्या रविवारी घरात कुणी नव्हतं. मुलगा-सून कोल्हापूरला लग्नाला गेले होते. मी सकाळी अलकाला म्हटलं, “आज ती निळी साडी नेस. कॉलेजात मुलाखतीला नेसतीस ती.”

“कशाला आई?”

“नेस म्हटलं की नेस.”

ती नेसली. केसांना तेलही लावलं. बंगल्यावर आल्यावर मी काकासाहेबांना उशा लावून बसवलं, धुतलेला सदरा घातला, तोंड पुसलं. मोबाइलमध्ये आवाज धरून ठेवता येतो हे मला ठाऊक होतं. अलकाला म्हटलं, “ते चालू कर. रणधीरदादाला ऐकवायचंय.” तिनं मोबाइल बाहेर काढला, पण मांडीवर नुसताच पालथा ठेवला.

“काकासाहेब, अलका आलीय,” मी म्हटलं. “बोला आता. सावकाश. चुकलं तर पुन्हा कोरं.”

त्यांनी तिच्याकडं बघितलं. किती तरी वेळ बघितलं. मग तोंड हललं.

“जा… गा.”

“व्हय, जागा! अलकाची जागा. पुढं?”

त्यांनी मान आडवी हलवली. “गेली.”

मी हसले. “कुठं जातीय? तुमच्याच हातात हाय न्हवं?”

“दिली.”

“कुणाला दिली?”

त्यांच्या कपाळावर घाम आला होता. मी पुसायला पुढं झाले, तर डाव्या हातानं त्यांनी माझा हात बाजूला केला.

“पैसं,” ते म्हणाले. “घेतलं.”

“कुणी? रणधीरदादांनी?”

त्यांनी डावा हात उचलला आणि स्वतःच्या छातीवर ठेवला. ओठ मिटले. दोन्ही बाजूंनी मिटले, घट्ट, आरशात शिकवले होते तसे.

“मी.”

इतकं स्वच्छ अक्षर त्यांच्या तोंडून तोवर निघालं नव्हतं.

खोलीत पंखा फिरत होता. मी विचारलं, “झटक्याच्या आधी?”

“आधी.”

म्हणजे मी पहिल्या दिवशी त्यांचे ओठ धरून मिटवले तेव्हाच ती जागा गेलेली होती. माझं मनगट धरून ते मला तेच सांगत होते, इतके महिने.

अलका उठली. फडकं घेतलं, त्यांची हनुवटी पुसली, डोळे पुसले. “मला ठाऊक आहे, काकासाहेब,” ती म्हणाली. “त्रास करून घेऊ नका. पडा आता.”

त्यांच्या उशा तिनंच काढल्या.

माझी ड्यूटी संपायला अजून सगळा दिवस होता. मी त्यांना पेज भरवली. चमचा तोंडाशी नेला की ते तोंड उघडायचे, गिळायचे, पुन्हा उघडायचे. मी कूस बदलली, पाठीला पावडर लावली, भांडं दिलं. रात्रीची बाई दारात दिसली तेव्हा चपला घातल्या.

अलका फाटकाबाहेर कट्ट्यावर बसून होती. सकाळपासून तिथंच होती की जाऊन आली होती, विचारलं नाही. आम्ही चालायला लागलो.

“कधीपासून ठाऊक हाय?”

“दिवाळीच्या आधीपासून. ज्या मुलीला जागा दिली, ती स्टाफरूममध्ये आली होती एकदा. माझी खुर्ची बघून गेली. इथं बसल्यावर ऊन येतं का, विचारलं तिनं.”

“काय म्हणालीस?”

“दुपारी येतं म्हटलं. पडदा ओढून घेत जा.”

आम्ही पाण्याच्या टाकीपर्यंत आलो. मी थांबले. “मग मला का गं बोलली न्हाईस? दर रविवारी यायचीस, पेपर वाचायचीस त्याला. साडी नेस म्हटलं, नेसलीस.”

ती माझ्याकडं न बघता म्हणाली, “आई, तू भाकऱ्या करताना गाणं म्हणायला लागली होतीस. मी एवढी झाले, तुला गाताना कधी ऐकलं नव्हतं.”

मी तिला जवळ घ्यायला हवं होतं. रस्त्यावर माणसं होती. मी नुसती तिच्या हातातली पिशवी घेतली, आणि तिनं ती घेऊ दिली.

जूनमध्ये त्या मुलीची ऑर्डर निघाली. आता जागा भरली म्हणून अलकाचे तासही संपले. प्राचार्यांनी निरोप समारंभ ठेवला नाही, कारण निरोप कायमच्या माणसाला देतात.

त्याच सुमाराला माझे गुडघे गेले. खाली बसलं की उठता येईना. पेशंटला उचलणार कुठून? मी ब्युरोत सांगायला निघाले, तर अलका म्हणाली, “मी जाते तुझ्या जागी.”

“येडी झालीस का? एमए कशाला झालीस? कुणाचं हागलं-मुतलं काढायला?”

“तू काढलंस त्याच पैशानं झाले ना?”

“ती गोष्ट येगळी.”

“माझा तास मोठा होता आई, पण मिळायचा किती? तुझा बारका, पण रोजचा. आता मला रोजचा हवा.”

“मग दुसरीकडं जा. त्या घरात नगं.”

ती हसली, बाप गेल्यावर लहानपणी हसायची तशी, तोंडभर आणि डोळ्यांत काही नाही. “दुसरीकडं नुसतं उचलायचे पैसे मिळतील. तिथं निदान शिकवायचं आहे. शिकवायचे पैसे कुठंतरी मिळू देत की.”

मी ब्युरोत भांडले. ब्युरोच्या बाई म्हणाल्या, “हौसाबाई, तिथं कुणी टिकत नाही, आणि पोरगी स्वतः मागतीय.” वर्षापूर्वी मीही तशीच मागायला उभी होते.

काम समजावून द्यायला पहिल्या दिवशी मी तिच्याबरोबर गेले. ब्युरोचा फिकट हिरवा कोट तिला खांद्यात सैल होत होता. मी दाखवत गेले. हे फडकं तोंडाचं, हे अंगाचं. ही वाटी पेजेची. कूस बदलताना आधी गुडघा दुमडायचा, मग खांदा. ती ‘हं, हं’ म्हणत होती, लहानपणी शाळेच्या पहिल्या दिवशी म्हणत होती तशी.

काकासाहेबांनी तिला बघितलं. आधी साधं बघितलं. मग कोट बघितला.

“सकाळ झाली, काकासाहेब,” अलका म्हणाली. “आज काय म्हणायचं? तुम्ही सांगा.”

त्यांनी तोंड भिंतीकडं फिरवलं. तेवढं आपल्या आपण वळायला मीच त्यांना शिकवलं होतं.

आरसा कुठं असतो ते दाखवून झालं. आता मी निघायला हवं होतं, पण पाय निघेना, म्हणून दाराजवळच्या स्टुलावर जरा टेकले. आतून पद्मजावहिनींची हाक आली.

“मावशी, काकासाहेबांची गोळी राहिलीय का बघा हो.”

मी स्टुलाला हात देऊन सवयीनं उठले.

“बघते,” अलका म्हणाली.

हाक मला नव्हती.